चौकोन, वर्तुळ आणि कवडसा

मरुदानल्लूर हे तमिळनाडूतील कुंभकोणम शहरानजीकचे, कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील एक लहानसे गाव होय. दक्षिणेकडील नामसंकीर्तनाच्या परंपरेत या गावाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. कारण त्या संकीर्तनास एक निश्चित पद्धती घालून देणारे सद्गुरुस्वामी याच गावचे. त्यांचा काळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा व एकोणिसाव्याच्या आरंभीचा. तंजावरच्या गादीवर त्या वेळी भोसले कुळातील मराठे राजे होते आणि कावेरीकाठी मराठी भाषा परकी राहिली नव्हती. साहजिकच या पद्धतीत संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांच्या बरोबरीने मराठी अभंगांनाही मानाचे स्थान मिळाले.

या संकीर्तनाचा 'दिव्यनाम' नावाचा एक भाग आहे. दालनाच्या मधोमध जमिनीवर एक दिवा ठेवतात आणि भजन म्हणणारे त्याच्या भोवती वर्तुळाकार फिरत गातात. आसन नाही, मखर नाही, व्यासपीठ नाही. मोकळी जमीन, एक दिवा आणि त्याभोवतीचे वर्तुळ एवढीच सामग्री.

भक्तीचा विषय क्षणभर बाजूस ठेवून या दृश्याकडे आपण केवळ वास्तुशास्त्राच्या दृष्टीने पाहू. वर्तुळावरील प्रत्येक माणूस दिव्यापासून सारख्याच अंतरावर असतो. म्हणून प्रत्येकाच्या मुखावर सारखाच उजेड पडतो. अंतर दुप्पट झाले तर उजेड निम्मा न राहता चौथाईवर येतो, हा प्रकाशाचा नियम आहे. तेव्हा कोणासही अधिक नाही व कोणासही उणे नाही अशी व्यवस्था करावयाची असेल, तर वर्तुळावाचून दुसरा आकार चालावयाचा नाही. येथे आकार हा शोभेसाठी आलेला नाही. तो प्रकाशाने घडविलेला आहे.

घरे, शाळा, मंदिरे व वसतिगृहे यांचे आकारही अशाच रीतीने प्रकाशाने घडविता येतात काय, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

मितभाषी वास्तुकला

विसाव्या शतकात जगाच्या निरनिराळ्या भागांत वास्तुकारांचा एक वर्ग असा निघाला की, ज्याने नक्षी, कमानी, कंगोरे व मूर्तिकाम यांचा हेतुपुरस्सर त्याग केला. घन, लंबचौकोन, वर्तुळ यांसारखे साधे भौमितिक आकार, उघडी भिंत, मोकळी जमीन आणि विचारपूर्वक आत घेतलेला प्रकाश एवढ्यावर त्यांनी आपल्या वास्तू उभ्या केल्या. या शैलीस 'मिनिमलिस्ट' असे नाव मिळाले. मराठीत तिला 'मितभाषी वास्तुकला' म्हणावयास हरकत नाही. मितभाषी माणूस मुका नसतो. त्यास जे सांगावयाचे असते ते तो मोजक्या शब्दांत सांगतो, आणि म्हणूनच त्याला प्रत्येक शब्द तोलून वापरावा लागतो. या वास्तूंचेही तसेच आहे. जेथे नक्षी नाही तेथे चूक झाकावयास जागा नाही. खिडकी वीतभर चुकीच्या जागी पडली, तर ती चूक घरातील माणसास रोज दुपारी सोसावी लागते.

साधेपणा म्हणजे स्वस्तपणा किंवा उणीव, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. साधी वास्तू उभारण्यास कारागिरी कमी लागत असेल. परंतु सूर्य, वारा व पाऊस यांचे ज्ञान मात्र अधिक लागते. किंबहुना हे ज्ञानच अशा वास्तूचा खरा अलंकार होय.

कार्ल्याचा झरोका

ही दृष्टी केवळ परदेशातून आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही. लोणावळ्याजवळील कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानी येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या काळ्या कातळात कोरलेले हे दालन सुमारे ३८ मीटर लांब व १४ मीटर रुंद आहे. दर्शनी भागावर व खांबांच्या शिरोभागी शिल्पकाम विपुल आहे, हे खरे. पण आत शेवटास जो स्तूप उभा आहे तो भूमितीच्या पुस्तकातून उचललेला वाटावा इतका साधा आहे: खाली वृत्तचिती आणि तीवर घुमट. मूर्ती नाही, चेहरा नाही.

दर्शनी भागावरील घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका भव्य कमानीतून या दालनात प्रकाश येतो. बाजूच्या भिंतींत खिडकी अशी नाहीच. कातळात ती असणार तरी कोठून? परिणामी बाजूच्या वाटा अंधाऱ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून उजेड सरळ स्तूपापर्यंत पोहोचतो. घुमटाचा पृष्ठभाग गोल असल्यामुळे त्यावर उजेड व सावली यांच्यात एकाएकी सीमारेषा पडत नाही. उजळ भागाकडून काळोख्या भागाकडे छटा हळूहळू बदलत जाते. सपाट भिंतीवर हा परिणाम साधता आला नसता.

जपानचे वास्तुकार तादाओ आंदो यांनी १९८९ साली ओसाकाजवळील इबाराकी येथे एक लहान प्रार्थनामंदिर बांधले. काँक्रीटच्या उघड्या भिंतींची एक पेटी, आणि समोरच्या भिंतीस आरपार पाडलेली क्रुसाच्या आकाराची फट, एवढेच त्याचे स्वरूप. दालनात अंधार असतो आणि त्या फटीतून आलेला प्रकाशच क्रूस होऊन समोर उभा राहतो. कार्ल्याचे अनामिक पाथरवट आणि ओसाकाचे आंदो यांच्यामध्ये दोन सहस्र वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर आहे. परंतु प्रकाश उठून दिसावयाचा असेल तर भोवती अंधार राखावा लागतो, ही गोष्ट दोघांनीही ओळखली होती.

सूर्याचे वेळापत्रक

प्रकाश केवळ कोठून यावा एवढेच नव्हे, तर केव्हा यावा हेही ठरविता येते. कुंभकोणम येथे नागेश्वराचे एक प्राचीन, चोलकालीन मंदिर आहे. तमिळ पंचांगातील चित्रै महिन्याच्या ११, १२ व १३ या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या २४ तारखेच्या सुमारास, सकाळचे सूर्यकिरण गोपुरातून शिरून थेट गाभाऱ्यातील लिंगापर्यंत पोहोचतात, अशी या मंदिराची ख्याती आहे. महाराष्ट्रीय वाचकांस यावरून कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सवाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे मावळतीचे किरण नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी देवीच्या मूर्तीकडे येतात.

वर्षातून दोनदाच का? आणि याच तारखांना का? याचे उत्तर पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. सूर्य रोज नेमक्या पूर्वेस उगवून नेमक्या पश्चिमेस मावळत नाही. जूनमध्ये त्याचे उगवण्याचे व मावळण्याचे बिंदू उत्तरेकडे सरकलेले असतात, डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे. सुमारे २१ डिसेंबरला दक्षिणेची मर्यादा गाठून सूर्य परत फिरतो. म्हणजेच जाताना तो क्षितिजावरील ज्या बिंदूवर मावळला, त्याच बिंदूवर येताना पुन्हा एकदा मावळतो. आता दिवस मोजून पाहा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. कोल्हापूरचे दोन उत्सव हे सूर्याच्या एकाच वाटेवरील जाण्याचे व येण्याचे मुक्काम आहेत. त्या दिवशी सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. कुंभकोणम येथे २४ एप्रिलच्या सुमारास तो पूर्वेच्या सुमारे १३ अंश उत्तरेस उगवतो आणि त्याच बिंदूवर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो.

वास्तू ही अशा प्रकारे एक वेधयंत्र होऊ शकते. मात्र यंत्र म्हटले म्हणजे त्याची वाट मोकळी राखावी लागते. कोल्हापुरास अलीकडच्या काळात किरणांच्या मार्गात उंच बांधकामे आल्याने उत्सवात अडथळे येऊ लागले आहेत. एका घराचा प्रकाश हा कित्येकदा शेजारच्या घराच्या हाती असतो, हे यावरून दिसून येईल.

उजेड हवा, उष्मा नको

वर्षातून तीन दिवसांचा प्रकाश हा उत्सवाचा विषय झाला. राहत्या घरास मात्र तीनशे पासष्ट दिवस उजेड लागतो. आणि आपल्या देशात खरी अडचण येथेच उभी राहते. सूर्यापासून उजेड आणि उष्णता ही दोन्ही बरोबरच येतात.

प्रथम उजेडाचा हिशोब करू. प्रकाशमान मोजण्याचे एकक 'लक्स' हे आहे. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. पुस्तक सुखाने वाचण्यास ३०० लक्स पुरे होतात. म्हणजे उन्हाचा जवळजवळ तीनशेवा भाग! यावरून हे स्पष्ट होईल की, आपल्याकडे घरात उजेड आणण्यासाठी उन्हास आत बोलाविण्याची मुळीच आवश्यकता नाही. नुसत्या निळ्या आकाशाकडून येणारा किंवा समोरच्या भिंतीवरून परतलेला प्रकाशही त्यास पुरतो.

आता उष्णतेचा हिशोब. भर उन्हात किरणांना लंब असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १,००० वॉट इतकी शक्ती पडते. दोन चौरस मीटरच्या साध्या काचेच्या खिडकीवर ऊन जवळजवळ सरळ पडत असेल, तर खोलीत दीड किलोवॉटहून अधिक उष्णता शिरते. खोलीत विजेची शेगडी पेटवून ठेवण्यासारखाच हा प्रकार झाला. शिवाय काचेचा एक विशेष असा की, सूर्याचे किरण ती सहज आत सोडते. परंतु तापलेली जमीन व सामान यांपासून निघणाऱ्या दीर्घ लहरींच्या उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही.

याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेत घडले. लुडविग मीस व्हान डेर रोह या विख्यात वास्तुकाराने इलिनॉय राज्यातील प्लेनो येथे १९५१ साली फार्न्सवर्थ गृह पुरे केले. पांढऱ्या पोलादाचे आठ खांब, दोन सपाट तक्ते आणि चारही बाजूंस काच, इतके ते मितभाषी आहे. सौंदर्याच्या दृष्टीने ते विसाव्या शतकातील अग्रगण्य वास्तूंपैकी एक गणले जाते. परंतु उन्हाळ्यात आत असह्य उकाडा होतो, अशी तक्रार खुद्द घरमालकिणीनेच केली. थंड हवेच्या प्रदेशात जर ही गत, तर कुंभकोणम किंवा नागपूर येथे काचेच्या पेटीचे काय होईल, हे सांगावयास नको.

सूर्य आकाशात किती उंच चढतो हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते. कुंभकोणम हे विषुववृत्ताच्या उत्तरेस ११ अंशांवर आहे. तेथे २१ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून साडेपंचावन्न अंश वर असतो. मुंबईत साडेसत्तेचाळीस अंश, तर लंडनमध्ये केवळ १५ अंश. आता दक्षिणेकडील भिंतीस एक मीटर रुंदीचा छज्जा काढला अशी कल्पना करा. त्या दिवशी माध्यान्ही कुंभकोणमास तो छज्जा खालच्या सुमारे दीड मीटर भिंतीवर सावली धरील, मुंबईस सुमारे १ मीटर १० सेंटिमीटरवर आणि लंडनला जेमतेम २७ सेंटिमीटरवर. तोच छज्जा, तोच दिवस. पण अक्षांश बदलताच त्याचे काम बदलले. लंडनच्या वास्तुकारास हिवाळ्यातील ऊन घरात हवेच असते, म्हणून त्यास मोठी काच शोभते. आपणास सावली हवी असते, म्हणून आपणास छज्जा शोभतो.

पूर्व व पश्चिम भिंतींची गोष्ट निराळी. सकाळ-संध्याकाळचा सूर्य कोठेही क्षितिजालगतच असतो, आणि त्यास अडविण्याइतका रुंद छज्जा कोणी काढू शकत नाही. म्हणून उष्ण प्रदेशातील वास्तूची लांब बाजू उत्तर-दक्षिणेस तोंड करून असावी, अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेस यावी आणि तिकडे खिडक्या थोड्या असाव्यात, असा नियम निघतो.

चौक आणि मुट्रम

कावेरीच्या खोऱ्यातील जुन्या घरांची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. रस्त्यालगत प्रथम एक छपराखालचा ओटा लागतो. त्यास तमिळमध्ये 'तिण्णै' म्हणतात. त्यातून आत गेले म्हणजे घराच्या मध्यभागी आकाशाकडे उघडा असा चौकोन लागतो, हा 'मुट्रम'. त्याच्या चहूबाजूंस खांबांवर तोललेली उतरती कौलारू छपरे असतात आणि त्यांच्या आडोशास घरातील माणसांचा दिवस जातो. पुण्या-साताऱ्याचा वाडा ज्याने पाहिला आहे त्यास ओसरी, पडवी व चौक यांची येथे तत्काळ ओळख पटेल.

हा चौकोन अनेक कामे करतो. चौकाची रुंदी व भोवतालच्या छपराची उंची सारखी असेल, तर सूर्य ४५ अंशांवर चढल्यावाचून ऊन चौकाच्या जमिनीस लागत नाही. वसंतसंपाताच्या सुमारास कुंभकोणमास हे सकाळी नऊनंतर घडते आणि दुपारी तीनच्या सुमारास ऊन पुन्हा भिंतीवर चढते. उरलेल्या वेळी चौकातून येतो तो केवळ आकाशाचा उजेड. शीतल, सावलीविरहित आणि वाचनास पुरेसा. तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर जाते व तिच्या जागी तिण्णैकडून नवी हवा आत येते. पावसाळ्यात चारही छपरांच्या पागोळ्या चौकात पडतात व ते पाणी मोरीवाटे बाहेर जाते.

तथापि वाडा आणि मुट्रमचे घर यांत एक सूक्ष्म भेद आहे. दख्खनच्या कोरड्या हवेत चौकाची फरसबंदी रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकून चांगली गार होते आणि जाड भिंती तो गारवा दुसऱ्या दिवशी बराच वेळ राखून ठेवतात. कावेरीच्या मुखाकडील हवा दमट आहे. हवेतील बाष्प ही बाहेर जाणारी उष्णता अडविते. म्हणून तेथे रात्रीचा गारवा बेताचाच लाभतो आणि सुखाचा खरा आधार म्हणजे वाहता वारा. याच कारणास्तव भारत सरकारने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेत उष्ण-कोरड्या प्रदेशातील घरांस जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के, तर उष्ण-दमट प्रदेशातील घरांस किमान १६.६६ टक्के इतकी उघडणारी खिडकी-दारे असावीत असे सांगितले गेले. घामेजल्या अंगास वारा लागला म्हणजे जे आपणास कळते, तेच येथे आकड्यांत मांडले आहे.

पुदुच्चेरीचे गोलकोंड

जुन्या घरातील हे शहाणपण आधुनिक भूमितीत उतरविता येते काय? याचे उत्तर याच किनाऱ्यावर, कुंभकोणमच्या उत्तरेस असलेल्या पुदुच्चेरी येथे मिळते. हे शहर फ्रेंचांच्या ताब्यात असता तेथील श्रीअरविंद आश्रमाने साधकांसाठी एक वसतिगृह बांधावयास घेतले. हैदराबाद संस्थानचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नाने मिळालेल्या देणगीतून ते उभे राहिले, म्हणून त्यास 'गोलकोंड' असे नाव पडले. आराखडा अँटोनिन रेमंड यांचा. जन्माने चेक व नागरिकत्वाने अमेरिकन असलेले हे वास्तुकार त्या वेळी जपानात काम करीत होते. बांधकाम १९३७ साली सुरू झाले. त्यावर देखरेख ठेवण्यास जॉर्ज नाकाशिमा व फ्रांतिशेक सामर हे रेमंड यांचे दोन तरुण सहकारी आले. आश्रमवासीयांनी स्वतः अंगमेहनत केली. आणि महायुद्धाच्या अडचणी सोसत १९४० नंतरच्या दशकात ते पूर्णत्वास गेले. सामान मिळणे कठीण झाले तेव्हा आश्रमातील पितळी भांडी वितळवून दारा-खिडक्यांचे साहित्य ओतल्याचे सांगतात.

ही वास्तू म्हणजे एक लांबट, तीन मजली, राखी रंगाची काँक्रीटची पेटी होय. तिचे लांब दर्शनी भाग उत्तरेस व दक्षिणेस आहेत. त्यांवर काचेची खिडकी नाही. त्या जागी तळापासून छपरापर्यंत आडव्या झडपांच्या रांगा बसविल्या आहेत. झडपा मिटल्या की भिंत होते. उघडल्या की सारी भिंतच खिडकी होते. आत येणारा उजेड झडपेच्या पृष्ठावर आपटून मगच खोलीत उतरतो. म्हणून डोळ्यांस झळ लागत नाही. उत्तरेच्या अंगास लांब मार्गिका व दक्षिणेस खोल्या अशी रचना आहे. दोहोंमधील सागवानी सरकत्या दारांस फटी ठेवलेल्या असल्यामुळे दार लावूनही वारा एका बागेतून दुसऱ्या बागेकडे वाहत राहतो. छत दुहेरी आहे: सपाट छतावर काँक्रीटच्या कमानदार पन्हळींचे दुसरे आवरण असून मध्ये हवा खेळते. आपण पाहिलेच आहे की, या अक्षांशावर वर्षातील मोठा काळ माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाचा मुख्य मारा भिंतीवर नसून छपरावर असतो. तो मारा वरचे आवरण आपल्या अंगावर घेते. जमिनीस घोटलेला काळा दगड आहे आणि भिंतींस शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. खोलीत पलंग, मेज, खुर्ची याखेरीज फारसे काही नाही.

येथे नक्षी नाही. परंतु दिवसाच्या प्रत्येक प्रहरी झडपांच्या सावल्या जमिनीवर निराळ्या रेघा ओढतात. अलंकार हवाच असेल तर तो सूर्य स्वतः घालून जातो.

उंचावरचा व्हरांडा

गोलकोंडभोवती बाग आहे, मोकळी जागा आहे. जेथे माणसे एकावर एक राहतात त्या मुंबईत काय करावे? चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासह कुंबाला टेकडीवर रचलेल्या आणि १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजुंगा या इमारतीत हा प्रश्न घेतला. मुंबईचा वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. वाऱ्यास दार उघडावे तर ऊन-पाऊस आत शिरतात. जुन्या बंगल्यांनी यावर राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा काढून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उंच नेला. २१ मीटर चौरस तळाचा आणि ८४ मीटर उंचीचा हा साधा मनोरा आहे. त्याचे कोपरे जागोजाग चौकोनी कापून तेथे दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या केल्या आहेत. ऊन-पाऊस गच्चीवर अडतो व वारा पुढे घरात जातो. दुरून पाहता एका घनातून लहान घन काढून घेतल्यासारखे दिसते. मुट्रम आणि तिण्णै येथे आकाशात चढले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र हे घर ३२ श्रीमंत कुटुंबांसाठी बांधले गेले, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. खोल सावली आणि वाहता वारा यांची खरी निकड आहे ती पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्यांस व शिकणाऱ्यांस. भूमितीस पैसे पडत नाहीत. खिडकी कोणत्या दिशेस ठेवावी, छज्जा किती रुंद काढावा, वर्गाची लांब बाजू कोणीकडे करावी, हे निर्णय आराखड्याच्या कागदावर फुकट घेता येतात. पण ते चुकले तर इमारत उभी आहे तोवर त्यांची किंमत भरावी लागते. ही किंमत वाढतच चालली आहे. उन्हाळे अधिक कडक होत असता, प्रत्येक खोली यंत्राने थंड करण्याइतकी वीज सर्वांस परवडणारी नाही, आणि त्या यंत्रांची उष्णता पुन्हा रस्त्यावरच येऊन पडते.

करून पाहण्यासारखे

पुढील तीन प्रयोग कोणत्याही शाळेत होऊ शकतील.

पहिला प्रयोग सावलीचा. मोकळ्या जागी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करा आणि माध्यान्हीच्या सुमारास दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजा. सर्वांत आखूड सावली हीच खरी माध्यान्ह. दर आठवड्यास ही लांबी वहीत लिहून ठेवा. वर्षातून दोन दिवस ती जवळजवळ शून्य होईल: मुंबईस मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, कुंभकोणमास एप्रिलच्या तिसऱ्या व ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात. ही वही म्हणजे तुमच्या गावच्या वास्तुकाराचे पंचांग होय.

दुसरा प्रयोग कवडशाचा. कौलाच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत पडलेला कवडसा पाहा. फट त्रिकोणी असो वा चौकोनी, पुरेशा अंतरावर कवडसा गोलच पडतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्यबिंबाची प्रतिमा असते. फट फार लहान असेल, तर कवडशाचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे एकशेआठावा भाग भरतो. तीन मीटर अंतरावर तो तीन सेंटिमीटरपेक्षा किंचित लहान येईल. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हाच कवडसा कोरीसारखा होतो.

तिसरा प्रयोग पुठ्ठ्याच्या खोक्याचा. एकाच मापाची दोन खोकी घ्या. एकाच्या एका बाजूस मोठा चौकोन कापून त्यावर काच लावा. दुसऱ्याच्या बाजूस तेवढाच चौकोन कापून तेथे पुठ्ठ्याच्या आडव्या तिरप्या पट्ट्या झडपांसारख्या बसवा. प्रत्येकात एकेक तापमापक ठेवून दोन्ही खोकी उन्हाकडे तोंड करून तासभर ठेवा. मग तापमान वाचा आणि आतील छापील कागद एका लहान छिद्रातून वाचता येतो काय हेही पाहा. उजेड आणि उष्मा यांची फारकत कशी होते ते या दोन खोक्यांतून कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक चांगले समजेल.

उपसंहार

आज कावेरीकाठी काय आणि कृष्णाकाठी काय, कित्येक जुन्या घरांतील चौक पत्रा किंवा काच घालून बंद होत आहेत. त्यामागे कारणे असतात: जागा हवी असते, पावसाचा त्रास नको असतो, चोराचे भय असते. ती कारणे खोटी नाहीत. परंतु चौक झाकला त्या दिवसापासून माजघरात भर दिवसा दिवा लावावा लागतो आणि पंखा बंद करता येत नाही. मग तो चौकोन आजवर न बोलता किती कामे करीत होता, हे कळून येते.

दिव्यनामाच्या वेळी दालनातील वर्तुळ दिव्याभोवती आखले जाते. दिवा वर्तुळासाठी शोधला जात नाही. घर बांधतानाही क्रम हाच असावा. प्रथम सूर्य कोठून येतो, वारा कोठून वाहतो आणि पाऊस कोठून झोडपतो ते पाहावे. भिंतीची रेघ त्यानंतर ओढावी. मग जो आकार निर्माण होईल तो बहुधा साधाच असेल, आणि त्या साधेपणास दुसऱ्या अलंकाराची गरज भासणार नाही.